वसंतातली बाग: यंदा काय लावताय आणि आसपास कोणाची मदत मिळते?

पालवी
नमस्कार मंडळी. हवा बदलली, फांद्यांच्या डोळ्यांतून कोंब बाहेर यायला लागले, वर्षातला माझा सगळ्यात आवडता काळ सुरू झाला म्हणून हा धागा काढतेय. दरवर्षी या दिवसांत एकच प्रश्न फिरत असतो, टोमॅटो कधी पेरायचे, आणि दहा जणांकडून दहा उत्तरं मिळतात. ती दहाही बरोबर असतात कारण प्रत्येकजण आपापल्या मातीबद्दल बोलत असतो. पाकिटावर 'वसंतात पेरा' एवढंच छापलेलं असतं, पण वसंत कुठे दोन आठवड्यांत आटपतो, कुठे तीन महिने रेंगाळतो.

म्हणून मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, या दिवसांत बागेत तुम्ही काय करता, कशात जास्त रमता. आणि दुसरी, तुमच्या घराच्या आसपास बागेसाठी कसली कसली मदत मिळते, म्हणजे माती तपासून देणारे, पालापाचोळा देणारे, बी-रोपांची देवाणघेवाण करणारे, नुसतं चार गोष्टी सांगणारे लोक. नावं-पत्ते नकोत, आपण सगळे कुठे कुठे पसरलोय, त्याचा दुसऱ्याला उपयोग नाही. कसली मदत असते आणि ती शोधायची कशी एवढं लिहिलं की प्रत्येकाला आपल्या गावात शोधता येईल.

माझ्यापासून सुरुवात करते. माझ्याकडे मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर आहे. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी, पाच-सात सेंटिमीटर खोल खुपसायचा आणि ओळीने चार-पाच दिवस आकडा बघायचा, एका दिवसावर जायचं नाही. मटार आणि पालक माती ५ ते १० अंश असली तरी येतात, सावकाश येतात पण येतात. घेवड्याला साधारण १६ च्या वर लागतं, काकडी-भोपळा १८-२० च्या खाली पेरला तर बी ओल्या गार मातीत कुजून जायची शक्यता जास्त. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत खरं खुलतं त्यामुळे थंड जागी ते घरातच उबेला लावायचं. हवा कितीही छान वाटली तरी माती तिच्या बरीच मागे असते, आणि बी तर मातीत पडतं ना.

गच्चीवरून
मस्त धागा पालवीताई. आमच्याकडे उलटी तऱ्हा, माती गार असण्याचा प्रश्नच येत नाही, वसंत म्हणजे उन्हाळ्याची तयारी. पण म्हणूनच हे थोडे दिवस फार मोलाचे वाटतात. सकाळी गच्चीवर गेलं की रोज कुठल्या ना कुठल्या झाडाला नवी तांबूस पालवी दिसते, ती हिरवी व्हायच्या आत बघून घ्यायची.

गच्चीवाल्यांसाठी महत्त्वाचं लिहितो. कुंडीतल्या झाडाची मुळं जमिनीतल्यापेक्षा खूप जास्त तापतात, त्यातून काळी प्लास्टिकची कुंडी पश्चिमेच्या उन्हात असली तर कडेची मुळं अक्षरशः भाजतात आणि वरून वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आपण अजून पाणी घालतो. यावर उपाय आत्ताच, ऊन तापायच्या आधी करायचे. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवायच्या, मोठ्या बाहेरच्या ओळीत आणि छोट्या आत, म्हणजे आतल्यांना बाहेरच्यांची सावली. एका कुंडीत दुसरी, मधे पोकळी सोडून, अशी दुहेरी कुंडी करता आली तर उत्तम. वर ५ ते ८ सेंटिमीटर सुका पाला पसरायचा, खोडाला चिकटवायचा नाही, दोन बोटं मोकळी जागा सोडायची.

लेट्यूससारख्या पालेभाज्यांचं बी माती २७-३० अंशांच्या वर गेली की झोपून राहतं, उगवतच नाही, लोक बियाणं खराब म्हणून फेकून देतात. ते बी सावलीत गार जागी पेरा. आणि कोथिंबीर फुलावर आली की उपटू नका प्लीज, चार झाडं तरी ठेवा. त्या बारीक पांढऱ्या फुलांवर मधमाशा येतात आणि शिवाय त्या पट्टेवाल्या फुलमाश्या येतात ज्यांच्या अळ्या मावा, म्हणजे शेंड्यांचा रस शोषणारी ती बारीक कीड, खातात.

झारी
वाचतेय. कोथिंबिरीच्या फुलांचं माहीत नव्हतं, आता ठेवणार.

खुरपं
थर्मामीटर चांगलाच आहे, पण माझ्या लहानपणी घरात थर्मामीटर नव्हता आणि वाफसा बघायला सगळे शिकलेले होते. मूठभर माती चार बोटं खोलीवरून घ्यायची, मुठीत दाबायची, मूठ उघडायची. पाणी सुटलं किंवा चकचकीत गोळा झाला तर माती अजून ओली, तिच्यात पाय ठेवायचा नाही. गोळा झाला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुरभुर सुटला की वाफसा आला, आता खुरपं घाला. गोळाच झाला नाही तर कोरडी, आधी पाणी द्या. चिकणमातीवाल्यांनी तर हे फार कटाक्षाने पाळावं. ओल्या चिकणमातीत एकदा काम केलं की तिच्यातली हवेची भोकं बुजतात, ढेकळं विटेसारखी होतात आणि तो वाफा वर्षभर त्रास देतो. पहिल्या उबदार रविवारी सगळ्यांचे हात शिवशिवतात ते मला समजतं, पण दोन दिवस थांबा.

आपली माती कसली आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांनी बरणीचा प्रयोग करा. काचेची उभी बरणी एक तृतीयांश मातीने भरा, खडे-काड्या काढून. पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून जोरात हलवा आणि हलवायचं नाही अशा जागी ठेवून द्या. पहिल्या मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोन-तीन तासांत बसतो तो पोयटा, म्हणजे मऊ गाळ, आणि चिकणमाती बसायला दिवस किंवा जास्तच लागतो. थर पट्टीने मोजले की अंदाज येतो. मुलांना बरोबर घ्या, त्यांना हे फार आवडतं.

मृद्गंध
खुरपंकाका, वाफशाबद्दल शंभर टक्के अनुमोदन. बरणीतून मातीचा पोत कळतो, पण तिच्यात काय आहे आणि सामू (पीएच, म्हणजे माती आम्ल की अल्क) किती हे कळत नाही, त्याला माती परीक्षणच हवं. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि पालवीने विचारलंय तसं कुठे मिळतं तेही.

बहुतेक देशांत हे काम शेतीच्या सरकारी किंवा विद्यापीठाच्या यंत्रणेकडे असतं आणि घरगुती बागवाले तिकडे फिरकतच नाहीत, त्यांना वाटतं ते फक्त शेतकऱ्यांसाठी. भारतात कृषी विज्ञान केंद्रं आहेत, पहिलं १९७४ मध्ये पुद्दुचेरीला निघालं, आता ७०० हून जास्त आहेत, शिवाय कृषी विद्यापीठं आहेत. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने विद्यापीठांची विस्तार सेवा, म्हणजे शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत नेणारी यंत्रणा, सुरू झाली आणि त्यातूनच १९७० च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात मास्टर गार्डनर ही कल्पना निघाली, म्हणजे स्वयंसेवकांना शिकवायचं आणि त्यांनी गावातल्या लोकांच्या बागेच्या शंका सोडवायच्या. ब्रिटनमध्ये रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ही बागकामाची संस्था १८०४ पासून आहे. तुम्ही कुठेही असा, आपल्या भागाचं नाव आणि 'माती परीक्षण' किंवा 'कृषी विस्तार' एवढं शोधा, काही ना काही सापडतं. फोन करून विचारा घरगुती बागेचा नमुना घेता का, बऱ्याच ठिकाणी घेतात.

नमुना नीट घेतला नाही तर पुढचं सगळं वाया. बागेतल्या १०-१२ वेगवेगळ्या जागा निवडा. वरचा पालापाचोळा बाजूला करा, इंग्रजी व्हीच्या आकाराचा १५ सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी पातळ चकती काढा. सगळ्या जागांची माती प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, जस्ताचा मुलामा असलेली बादली नको, नाहीतर जस्ताचा आकडा चुकतो. माती सावलीत वाळवा, पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, परत मिसळा, परत चार भाग, असं करत अर्धा किलो उरेल तोवर. नुकतंच खत घातलेल्या वाफ्यातून, झाडाच्या बुंध्याजवळून, कंपोस्टच्या ढिगाशेजारून नमुना घेऊ नका.

अहवाल आला की आधी दोनच आकडे बघा, सामू आणि सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्याशेणातून मातीत आलेला कर्ब. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ सामू मानवतो. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ लागतो त्यामुळे चुनखडीच्या जमिनीत ती पिवळी पडत राहते, कितीही खत घाला. लोक सामू न बघता दरवर्षी चुना किंवा राख टाकत राहतात, कोणीतरी सांगितलं म्हणून, आणि मग लोह मिळेनासं होऊन पानं पिवळी पडली की अजून खत. एकदा तपासलं की तीन-चार वर्षं तरी बघायला नको.

झारी
मृद्गंधताई खूप धन्यवाद, हे सेव्ह करून ठेवलं. मला एक वेगळा प्रश्न आहे. घरात खिडकीत टोमॅटोची रोपं लावलीत, चार-पाच दिवस छान होती आणि आता लांब लांब होऊन एकेक कोलमडायला लागलीत, मातीपाशी खोड बारीक होऊन दोऱ्यासारखं झालंय. पाणी तर रोज देतेय.

कोंब
झारी, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लांबुळकी होणं म्हणजे उजेड कमी. खिडकीतला उजेड आपल्या डोळ्याला भरपूर वाटतो पण रोपाला एकाच बाजूने मिळतो आणि पुरत नाही. शक्य असेल तर रोपांच्या जवळ साधा पांढरा एलईडी दिवा रोज १४-१६ तास लावा, आणि बी उगवलं की उबेची गरज संपते, नंतर थोडं गारच बरं. जास्त ऊब आणि कमी उजेड हे दोन्ही एकत्र आलं की रोप वर वर पळतं.

खोड मातीपाशी बारीक होऊन पडणं म्हणजे रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया असले मातीतले बुरशीसारखे जीव कोवळं खोड कुजवतात. पडलेलं रोप वाचत नाही, ते आणि त्याच्या भोवतीची माती लगेच काढून टाका. बाकीच्यांना वरून पाणी बंद, ट्रेमध्ये पाणी घालून खालून शोषू द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओता. वरचा थर कोरडा पडू दे मधेमधे. छोटा पंखा लांबून हळू लावला तर फार फरक पडतो, हवा खेळती राहते आणि खोडही जाड होतं. पुढच्या वेळी जुन्या कुंडीतली माती बी पेरायला वापरू नका, ताजं स्वच्छ मिश्रण घ्या. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घेतलंत तर आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या, त्यात क्षार असू शकतात.

जी वाचतील ती मोठ्या कुंडीत हलवताना खोल लावा, पहिल्या पानांपर्यंत मातीत गेली तरी चालतं, टोमॅटोच्या खोडाला मुळं फुटतात. हे टोमॅटोपुरतंच, लेट्यूसला असं केलंत तर मधला कोंब कुजेल.

पालवी
आणि बाहेर लावायच्या आधी सवय लावायला विसरू नकोस झारी. पहिल्या दिवशी सावलीत, वारा नसेल तिथे तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवत सात ते दहा दिवसांत पूर्ण ऊन आणि रात्र. घरात वाढलेल्या पानांना थेट ऊन दाखवलं की ती पांढरी पडून भाजतात. थंड देशातल्यांनी आपल्या भागातला शेवटच्या दहिवराचा, म्हणजे दव गोठेल इतक्या थंड रात्रीचा, अंदाज बघून ठेवा. तो सरासरीचा असतो, त्याच्या नंतरही एखादी रात्र दगा देते, म्हणून जुनी चादर हाताशी असू दे.

उंबरठा
मी आमच्या वस्तीतल्या सामाईक बागेत काम करतो. पालवीने विचारलेल्या मदतीत मला सगळ्यात मोठी वाटते ती फुकट मिळणारी सेंद्रिय सामग्री. शहरं झाडांची छाटणी करतात, त्याचा भुगा कुठेतरी टाकायचाच असतो, कित्येक ठिकाणी मागितला तर आणून ओततात. पालापाचोळ्याची पोती लोक रस्त्याच्या कडेला ठेवतात. तबेल्यातून शेणखत, लिद. काही नगरपालिका ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करून नागरिकांना देतात. आमची निम्मी बाग यावर उभी आहे आणि माती दर वर्षी काळी, भुसभुशीत होत चाललीय हे हातात घेऊन कळतं.

सुका पाला हा कर्बाचा, म्हणजे साधारण ५०-६० भाग कर्बाला १ भाग नत्र, आणि ताजं कापलेलं गवत १५-२० ला १. दोन्ही मिसळून २५-३० ला १ च्या जवळ आणलं, ओलावा पिळलेल्या स्पंजइतका ठेवला आणि ढीग निदान एक मीटर लांब-रुंद-उंच केला की तो तापतो, ५५ ते ६५ अंशांपर्यंत. ५५ च्या वर काही दिवस राहिला आणि ढीग उलटापालटा करून बाहेरचं आत गेलं की तणांचं बी आणि बरेचसे रोग मरतात. छोट्या ढिगाचं पण खत होतं, फक्त तापत नाही आणि वेळ लागतो. आणि नुसता पालाच असेल तर दोन पावसाळे-हिवाळे पडू द्या, पानांचं सुंदर काळं खत तयार होतं, बी पेरायच्या मिश्रणात चाळून घाला.

मृद्गंध
उंबरठा, सगळं पटलं, पण फुकटचं शेणखत आणि लिद डोळे मिटून घेऊ नका. कुरणांत आणि गवताच्या शेतांत रुंद पानांची तणं मारायला अमिनोपायरॅलिड, क्लोपायरॅलिड ही तणनाशकं काही देशांत वापरतात. ती गवतावर राहतात, जनावराच्या पोटातून तशीच शेणात येतात आणि ढीग तापला तरी मोडत नाहीत. मातीत अगदी सूक्ष्म प्रमाण असलं तरी टोमॅटो, घेवडा, मटार, बटाटा यांची पानं वाटीसारखी वळतात, शेंडे नेच्यासारखे गुंडाळतात आणि लोकांना वाटतं विषाणू आहे. माझ्याकडे अशी छायाचित्रं घेऊन लोक येतात तेव्हा खत आधीच सगळ्या वाफ्यांत कालवलेलं असतं.

उंबरठा
मग फुकटचं घ्यायचंच नाही का? आमच्यासारख्यांना सगळं विकत आणणं परवडणारं नाही आणि मला वाटतं अशी भीती घातली की लोक सरळ रासायनिक खताच्या गोणीकडे वळतात. गावातला कचरा गावातच मुरायला हवा.

मृद्गंध
घ्यायचं, नक्की घ्यायचं, फक्त आधी तपासायचं, आणि ती तपासणी घरी होते. आलेल्या खतात निम्मं स्वच्छ कुंडीमिश्रण मिसळून तीन-चार कुंड्या भरा. तेवढ्याच कुंड्या नुसत्या स्वच्छ मिश्रणाच्या. प्रत्येकीत तीन तीन घेवड्याचे दाणे. खालच्या बश्या वेगळ्या ठेवा म्हणजे पाणी एकाचं दुसऱ्याला जाणार नाही. दोन-तीन आठवड्यांत तीन खरी पानं (बियातून निघालेल्या पहिल्या जोडीनंतरची) येतील. दोन्हीकडची सारखी सरळ सपाट असली तर वापरा. खताच्या कुंड्यांतली वळली आणि दुसरीकडची नीट असतील तर ते खत भाज्यांना नको, रुंद पानाच्या कुठल्याच झाडाला नको. आणि देणाऱ्याला विचारा, चारा कुठून येतो, त्यावर फवारणी होते का. बहुतेक जण खरं सांगतात, त्यांनाही कधीकधी माहीत नसतं.

उंबरठा
हे करण्यासारखं आहे. या आठवड्यात लिदीचा एक खेप येणार आहे, वाफ्यात न टाकता बाजूला ठेवतो आणि कुंड्या भरतो. बागेच्या फळ्यावर पण लिहून ठेवतो सगळ्यांसाठी.

खुरपं
झाडांच्या भुग्याबद्दल एक. तो मातीच्या वर पसरा, आत कालवू नका. वर असला तर नत्र फक्त मातीच्या पृष्ठभागाला जरा ओढतो, मुळांना काही होत नाही. आत कालवला तर कुजताना मातीतला नत्र खेचतो आणि रोपं पिवळी पडतात. फळझाडं, झुडपं यांच्या भोवती फार उत्तम. बी पेरलेल्या वाफ्यात नको. थंड भागात माती तापायच्या आधी जाड थर घालू नका, माती गारच राहील.

बीजकोश
मला बियाण्यांवर लिहायचंय. आमच्या इथल्या सार्वजनिक वाचनालयात एक लाकडी कपाट आहे, पुस्तकांसारखं बी न्यायचं, लावायचं आणि हंगामाच्या शेवटी आपल्या झाडाचं बी परत आणून ठेवायचं. असं बियाण्यांचं वाचनालय आता पुष्कळ देशांत आहे, तुमच्या वाचनालयात नसेल तर विचारा, सुरू करायला एक खोका आणि दोन उत्साही माणसं पुरतात. याचं खरं मोल असं की वर्षानुवर्षं त्याच हवेत, त्याच मातीत वाढलेल्या झाडांतून निवडलेलं बी हळूहळू त्या जागेला रुळतं. दूरच्या कारखान्यातून आलेल्या पाकिटात हे कुठून येणार.

पहिल्यांदा बी धरायचं असेल तर टोमॅटो, घेवडा, मटार, लेट्यूस यांपासून सुरू करा. ही स्वपरागी, शेजारच्या जातीशी सहसा मिसळत नाहीत. भोपळा, दुधी, काकडी यांत मधमाशी परागकण कुठून कुठून आणते, एकाच जातकुळीतल्या दोन वाणांची फुलं जवळ असली की पुढच्या पिढीत काय निघेल सांगता येत नाही, आणि त्यातून कडू भोपळाही निघू शकतो, तसा कडू लागला तर खाऊ नका. पाकिटावर एफ-वन किंवा संकरित लिहिलं असेल तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच झाड मिळत नाही. त्यासाठी सरळ वाण घ्या.

जुनं बी घरात पडलंय त्यांच्यासाठी: दहा दाणे ओल्या कागदी रुमालात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबेला ठेवा. सात-आठ उगवले तर बिनधास्त पेरा, चार-पाच उगवले तर दाट पेरा, त्याखाली असेल तर नवीन आणा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांतच जातं, टोमॅटोचं नीट कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं सहज टिकतं.

गच्चीवरून
बीजकोश, वाचनालयाची कल्पना फार आवडली, आमच्या वाचनालयात उद्याच विचारतो. इमारतीत निदान रोपांची अदलाबदल तरी करता येईल, प्रत्येकाकडे काही ना काही जास्त उगवतंच.

वेल
छाटणीचं कोणी सांगेल का? मोगरा आणि बोगनवेल आहे, आणि एक हायड्रेंजिया मोठ्या गोल गुच्छांचा. सगळ्यांना आत्ताच कात्री लावू का?

कोंब
वेल, आधी एवढं बघा की झाडाला फुलं नव्या फुटव्यावर येतात की मागच्या वर्षीच्या काडीवर. मोगरा आणि बोगनवेल नव्या फुटव्यावर फुलतात, त्यामुळे नवी फूट जोर धरायच्या आधी छाटलं की चांगलं. त्या मोठ्या गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाच्या कळ्या मात्र मागच्या वर्षीच्या काड्यांवरच तयार होऊन बसलेल्या असतात, आत्ता छाटलीत तर यंदाची फुलं गेली. फुलं होऊन गेल्यावर छाटा. आत्ता फक्त वाळकी काडी काढा, नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जिवंत. वसंतात फुलणाऱ्या बाकी झुडपांनाही हाच नियम.

वेल
बरं झालं विचारलं, हायड्रेंजियाला हात लावत नाही. गुलाबावर मात्र मावा आलाय, कोवळे शेंडे भरून गेलेत, फवारू का काही?

गच्चीवरून
थोडं थांबा वेल. वसंतात मावा झपाट्याने वाढतो कारण माद्या नराशिवायच जिवंत पिल्लं देतात, त्यामुळे एकदम आक्रमण झाल्यासारखं वाटतं. पण त्यांना खाणारे एक-दोन आठवडे मागून येतात. शेंड्यांजवळ निरखून बघा, काळसर लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या सुसरीसारखी अळी दिसते का. ती लेडीबर्डची अळी, लोक तिलाच कीड समजून मारतात. ती दिसली तर काहीच करू नका. तोवर पाण्याच्या बारीक जोरदार धारेने मावा धुवून टाका, खाली पडलेला फारसा परत चढत नाही. मुंग्या वर जाताना दिसल्या तर त्यांचा रस्ता अडवा, त्या गोड चिकट स्रावासाठी माव्याची राखण करतात आणि खाणाऱ्यांना हुसकावतात. अगदीच गरज पडली तर साधं साबणाचं पाणी किंवा कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, संध्याकाळी, मधमाशा गेल्यावर, पानांच्या खालून, आणि उमललेल्या फुलांवर नको.

खुरपं
एक राहिलं. पालवी, तू आसपासची मदत विचारलीस, त्यात एक वही धरा. कुठलं झाड कधी फुललं, पहिलं फुलपाखरू कधी, माती कधी वाफशाला आली, तारीख घालून लिहायचं. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या अशा २७ खुणा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते १९५८ पर्यंत चालू ठेवलं, आज हवामानाचा अभ्यास करणारे त्या नोंदी वापरतात. क्योटोत चेरी कधी फुलली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात. आपल्याला एवढं मोठं काही नको. पण पाच वर्षांची वही असली की कळतं, अमुक झाड फुललं की आपल्या मातीत काकडी पेरायची. झाडं उबेची बेरीज आपोआप करतात, तारखेपेक्षा ती जास्त भरवशाची. आणि गल्लीतल्या सगळ्यात जुन्या बागवाल्याकडे जाऊन बसा, त्याच्या डोक्यात ही वही असतेच, विचारणारा कोणी नसतो.

बीजकोश
खुरपंकाका, हे फार छान. आमच्या बियाण्यांच्या कपाटाजवळ अशी एक सामाईक वही ठेवायला सांगते, जो बी नेईल त्याने पेरल्याची तारीख आणि उगवल्याची तारीख लिहायची.

उंबरठा
मृद्गंध, अपडेट. लिदीच्या कुंड्यांतला घेवडा आणि साध्या कुंड्यांतला, दोन्हीला तीन तीन पानं आली, सरळ आणि सपाट, काही फरक नाही. खतातली जरा जास्त हिरवी आहेत. वाफ्यात घालायला हरकत नाही ना? आणि लिद ताजी आहे, अजून वास आहे.

मृद्गंध
तणनाशकाच्या बाजूने हरकत नाही. पण ताजी लिद सरळ भाज्यांच्या वाफ्यात नको, आधी ढीग लावून तापवा, उलटा, चांगली मुरू दे. कच्च्या खतातून रोगजंतू पानांवर, मुळांवर येऊ शकतात. घाईच असेल तर सध्या फळझाडांच्या आणि शोभेच्या झुडपांच्या भोवती टाका, खोडापासून लांब. आणि पुढची खेप दुसऱ्या तबेल्यातून आली तर घेवडा परत पेरायचा.